काट्यावरची ट्वायला

ट्वायलाला लग्नापासून समुद्र बघायचा होता. माँटानात समुद्र कुठला! निवृत्त झाल्यावर तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, समुद्राच्या सफरीसाठी पिकअपच्या हौद्यात बसवायचा कॅम्पर, म्हणजे राहायची खोलीच, घेतला. हिवाळाभर ती त्याच्या हाताखाली राबली. मागचं फाळकं उतरवलं, स्प्रिंगचे पाटे वाढवले, कॅम्पर आवळायच्या कड्या चॅसीला ठोकल्या. बदल्यात शिव्या खाल्ल्या.

निघायच्या सकाळी, गावच्या रिवाजाप्रमाणे, धान्याच्या काट्यावर गाडी माणसांसकट, कुत्र्यासकट तोलली. गाडीला झेपेल त्याहून वजन जास्त भरलं.

"कॅम्परच्या टाकीतलं पाणी सोड की," काटेवाला म्हणाला.

"पाणी वाटेत काय तुझा बाप देणार?" म्हणत व्हर्लिनने ट्वायलाच्या जॅमच्या बरण्या उतरवल्या, तिची शिवणयंत्राची पेटी उतरवली. तरी थोडं जास्तच.

"ए ढोले," तो ट्वायलाला म्हणाला, "उतर बघू खाली."

गंमत समजून ती हसत उतरली. काटेवालाही हसला.

"बसलं बघ वजन!" व्हर्लिनने गाडी सुरू केली.

तिने धावत जाऊन दार धरलं. तिच्या जागेवर कुत्रा ऐसपैस पसरला होता.

"अरे, मग याला तरी उतरव!"

"त्याला घरी एकट्याला करमत नाही," व्हर्लिन म्हणाला.