मामांनी तपासायला दिलेली चांगली माती

लोक जुन्नरला किल्ला चढायला जातात. मी मामांच्या टोमॅटोला शेवटचं भेटायला गेले. मामीचा फोन आला होता: शेंड्याची पानं पिवळी पडलीत आणि सोमवारी मामा सगळ्या प्लॉटवर रोटाव्हेटर फिरवून पीक मोडणार आहेत. रोपं तिनं स्वतः वाढवलेली. "तू शेतीचं शिकलीयस ना? मग ये," एवढंच म्हणाली.

शनिवारी सकाळची एसटी पकडली. नारायणगावात सत्तर रुपयांत मिसळ मिळाली, डोळ्यांतून पाणी फुकट. जुन्नर स्टँडवर मामा मोटरसायकल घेऊन हजर. लेण्याद्रीला थांबूया म्हटलं, तर म्हणाले, "गणपती कुठं जात न्हाई, टमाटी जातील." गणपती अजून बघायचाय.

प्लॉटमध्ये पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, बाकी पान पिवळं. मामांनी माती परीक्षणाचा कागद माझ्या हातात दिला. त्यात सगळंच भरपूर. "माती एक नंबर हाय. हिची रोपंच नाजूक," मामा म्हणाले. मामीनं दुसरीकडे बघितलं. मला मामांचा राग आला.

"माती कुठून उचलली?"

"कोपऱ्यातनं. मागल्या साली तिथं मेंढरं बसवली व्हती. लेंडीखत मुरलंय, लई झ्याक माती."

"आणि पिवळ्या झाडांखालची?"

"तपासायला देताना ती कशाला द्यायची? गावाचं नाव जातंय!"

"पावण्याला ताट वाढलंय जनू," मामी म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही नागमोडी फिरून ठिकठिकाणी वीतभर खोल माती काढली. लोहही तपासायचं होतं, म्हणून लाकडी काठीनं. "लोखंड शोधायला लोखंड चालत न्हाई व्हय?" मामांनी खुरपं खाली ठेवलं. मी सांगितलं, चुनखडीच्या रानात लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. मामांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही. रोटाव्हेटर मात्र कागद येईपर्यंत थांबला.

पुण्यात परतल्यावर आठवड्याभरात कागदाचा फोटो आला: चुना जास्त, मुळांना मिळणारं लोह कमी. लोहाची फवारणी झाली. आठ-दहा दिवसांनी फोन वाजला.

"नवी पानं हिरवी आल्यात," मामा म्हणाले. मला जाम आनंद झाला. मग हळू आवाजात, "रोपं चांगली व्हती तिची."

"हे मामीला सांगा ना."

"हितंच बसलीय."

मागून मामीचा आवाज आला, "मोठ्यानं बोला की."