मेहेरबाईंच्या यादीतलं काउंटरपेन

वलवणच्या शकुबाईला एबीसीडी येत नाही. पण तेराव्या वर्षी ती मेहेरबाईंच्या बंगल्यात केर काढायला लागली, ती बाई मरेस्तोवर, म्हणजे सेहेचाळीस वर्षं, तिथंच राबली. मेहेरबाई घरातल्या जिनसांना आजीच्या काळातली इंग्रजी नावं वापरायच्या. खुर्चीच्या पाठीला डोक्याचं तेल लागू नये म्हणून टाकलेलं फडकं म्हणजे अँटिमकॅसर. कोळशाची बादली म्हणजे स्कटल. शकुबाईला वाटे, इंग्रजी बोलणारे सगळे असंच बोलत असणार. एकदा लोणावळ्याच्या कापडदुकानात तिनं चार अँटिमकॅसरचं कापड मागितलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, औषधाचं दुकान पलीकडं."

मेहेरबाई दिवाळीनंतर गेल्या आणि बंगला विकायला निघाला. त्यांचा भाचा कायझाद पुण्याहून आला, तो बाईंच्या हातची जुनी यादी घेऊनच. यादीबरहुकूम सामान एका व्यापाऱ्याच्या ताब्यात द्यायचं होतं. किल्ल्या इतकी वर्षं शकुबाईच्या कमरेला. एक जिन्नस कमी भरला तर बोट कुणाकडं जाणार, हे काय सांगायला पायजे?

"शकुबाई, फायरडॉग्ज, दोन," कायझादनं वाचलं. "आत्या कुत्री पाळायची?"

"कुत्री कसली, बाबा! भिंतीतल्या चुलीत लाकडं टेकायला लोखंडी घोडं असत्यात, ती. त्या कोपऱ्यात बगा. तुमचा मोबाईल काय म्हंतोय?"

"मोबाईल कुत्रीच दाखवतोय."

"मंग ठिवा त्यो खिशात."

दुपारपर्यंत तीसेक वस्तू जुळल्या. कायझाद नाव वाची, शकुबाई वस्तूवर हात ठेवी.

"काउंटरपेन. पांढरं, एक."

या खेपेला शकुबाईचा हात कशावरच गेला नाही. काउंटरपेन म्हणजे पलंगावर सगळ्यात वर टाकायची जाड विणीची चादर. ती बंगल्यात नव्हती. सहा वर्षांमागं उंदरानं कुरतडली, तेव्हा बाई म्हणाल्या, घेऊन जा. यादी त्याच्याही आधीची.

कायझादनं इकडंतिकडं बघून भिंतीला टेकवलेली एक सागवानी फळी उचलली. "हेच असेल. काउंटरवरची फळी. हो ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागत होतं. पण एका वस्तूला दुसरीचं नाव दिलेलं मेहेरबाईंनी कधी खपवून घेतलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत शकुबाईलाही ती खोड जडली होती.

"न्हाई. ती चादर व्हती. आता माज्या घरी हाय."

कायझादनं यादी खाली घेतली. "तुमच्या घरी कशी?"

"बाईंनीच दिली. मी तिची गोधडी शिवली."

"कुणासमोर दिली?"

"कुणासमोर देनार? हितं मी आन् त्या, दोघीच."

त्यानं नजर पुन्हा यादीत घातली. ते तिला झोंबलं. ती तडक घरी गेली आणि गोधडी काखेत मारून आली. जमिनीवर पसरून तिनं एका कोपऱ्याचे टाके दातानं तोडले. वरच्या हिरव्या लुगड्याखाली जाड पांढरी वीण निघाली, तिच्या कडेला बाईंच्या नावाची लाल धाग्याची अक्षरं, आणि शेजारीच कुरतडलेलं भोक.

"त्याच्यावरची जाळी बगा. आदी रफू केलं मी, बाईंम्होरं बसून. जमंना, तवा म्हनल्या घिऊन जा. समदी उसवून दिऊ का? वरचं माज्या आईचं लुगडं हाय, त्ये तेवडं ठिवून घेते."

कायझाद उकिडवा बसला. भोकावरचा, सकाळीच यादीत जुळवलेल्या बाईंच्या शिवणाच्या डब्यातला निळा धागा त्यानं ओळखला असावा. बराच वेळ तो त्यावरून बोट फिरवत होता.

"राहू द्या, शकुबाई."

"ऱ्हाऊ द्या नगं. यादीतनं खोडा. माज्याम्होरं खोडा."

त्यानं पेन काढून रेघ मारली.

"कुटली वळ? दावा."

त्यानं दाखवली. शकुबाई वाकून बघत राहिली. हजारदा घडी घातलेल्या त्या चादरीचं नाव लिहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

"येवडं लांबडं असतंय व्हय! बरं, शेजारी सही करा."

सही झाल्यावर तिनं गोधडी गुंडाळून दाराशी ठेवली आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेचा सोडला.

"चला, वरची खोली ऱ्हायलीय. म्होरलं वाचा."