इंजिनाचे तोंड

१२ जानेवारी, सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. त्यांनी अंगठ्याचे नख एका रुळावरून दुसऱ्या रुळावर हळूच ओढले, सांध्यापाशी थांबले आणि म्हणाले, "नखाले लागून राह्यलं." मी मोजले. उंचीतला फरक ०.१५ मिलिमीटर निघाला.

"काका, एवढा चालतो."

"तुमच्या कॉलेजात चालत असन," असे म्हणून त्यांनी कानस उचलली.

सिंदीत ते आमचे शेजारी. नागपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. एकतीस वर्षे पॅसेंजरने अप-डाऊन केले. निवृत्तीनंतर घराशेजारच्या चिंचोळ्या बागेत, शेवग्याच्या झाडापर्यंत, त्यांनी वीतभर रुंदीचा रूळ टाकला आणि पत्र्याचे, बॅटरीवर चालणारे इंजिन बनवले. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरत घरी बसले होते. अर्जात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा रकाना होता. खरे सांगते, मी त्यांच्या बागेत प्रथम गेले ती त्या रकान्यासाठी.

म्हातारपणीचा खेळण्याचा नाद, असेच तुम्हालाही वाटले असते. मी पहिल्यांदा संध्याकाळपर्यंत थांबले, तेव्हा माझा हा निष्कर्ष मोडला.

काकूंची स्मृती गेली होती. काका त्यांना जेवू घालत, त्यांची वेणी घालत; त्या त्यांना "दादा" म्हणत, एखाद्या भल्या परक्याला म्हणावे तसे. परंतु सकाळी सात दहाला नवऱ्याला गाडीला पाठवायचे आणि संध्याकाळी पाच चाळीसला व्हरांड्यात बसून गाडीची वाट पाहायची, एवढे मात्र टिकले होते. म्हणून सकाळी इंजिन शेवग्याकडे जाई आणि त्यापाठोपाठ काका पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडत. मागच्या बोळातून ते गुपचूप बागेत परतत. संध्याकाळी इंजिन व्हरांड्याशी आले, की पुन्हा पिशवी घेऊन फाटकातून आत.

"आले काय? लेट झाली आज?" काकू विचारत.

"हाव. दहा मिनिटं."

"हातपाय धुवा. च्या मांडतो मी."

चहा संपेपर्यंत ते काकूंचे नवरे असत. कप खाली ठेवला, की पुन्हा दादा.

अडचण एकच होती. सकाळी सरळ गेलेले इंजिन संध्याकाळी पाठ पुढे करून परते, आणि रेल्वेच्या गावात आयुष्य काढलेल्या काकू तेवढ्यावर फसत नसत. "हे यार्डात चाललं," त्या म्हणत. "याच्यातून कोन येते?" मग फाटकातून आलेला माणूसही परका ठरे. काका शेवग्याखाली ते जड इंजिन हाताने उचलून फिरवत; आता खांदा साथ देईना. रूळ गोल वळवून आणायला बागेत रुंदी नव्हती. उरला एकच उपाय: टर्नटेबल, म्हणजे इंजिनाला जागच्या जागी फिरवून देणारा रुळाचा तुकडा.

कारंजा गावातल्या एका गॅरेजातून ट्रकच्या चाकाचे जुने बेअरिंग आणले. सिमेंटचा गोल खड्डा केला, मधोमध बेअरिंग, त्यावर नव्वद सेंटिमीटरचा लोखंडी पूल. प्रश्न राहिला तो पुलाचे टोक आणि स्थिर रूळ यांत किती फट ठेवायची, याचा.

"दोन्हीकडं एक-एक मिलिमीटर सोड, पोरी. मे येऊन राह्यला, लोखंड फुगन."

"चाक आदळेल. दोन्हीकडची मिळून ०.४ पुरे. हे पाहा गणित."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, उलटसुलट पाहिला. "माह्या रुळासाठी आजवर कोनं गणित नाई केलं," म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवला. "बरं. तुयंच खरं."

फेब्रुवारीत पूल बोटाने फिरू लागला. रात्री काकू झोपल्या, की काका इंजिन मागे नेऊन सकाळसाठी पुन्हा फिरवून ठेवत. काका रोज नख ओढत. मी वहीत फट, हवेचे तापमान आणि फिरायला लागणारे सेकंद लिहीत असे. त्या तीन महिन्यांत काकूंनी इंजिनाला एकदाही "यार्डात चाललं" म्हटले नाही.

मग मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पूल हलला नाही. काकांनी ढकलला, मी पाय लावला. टोके रुळांत घट्ट रुतली होती. मी हिशेबात हवेचे तापमान धरले होते, सेहेचाळीस. दिवसभर उन्हात पडलेल्या लोखंडाला मी त्या क्षणी प्रथमच तापमापक लावला: एकसष्ट. अकरावीतला विद्यार्थीही अशी चूक करणार नाही.

पाच चाळीस होऊन गेले होते. इंजिन पाठ पुढे करून गेले. काका फाटकातून आत आले.

"कोन पायजे?" काकूंनी विचारले. "घरी नाईत ते. सांजच्या गाडीनं येतीन."

काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बरं," म्हणाले. "थांबतो मी." आणि फाटकाबाहेरच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मी जवळ गेले. "रडू नको," ते म्हणाले. "सकाळी घासू." सकाळी त्यांनी एक-एक मिलिमीटर घासून काढला आणि माझ्या चुकीबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही. त्यांच्याकडे दिवस किती उरले आहेत, हे मला ठाऊक नव्हते. त्यातला एक मी खाल्ला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी सात दहाची गाडी वेळेवर गेली. काकूंनी "डबा घेतला काय?" विचारले, काका "हाव" म्हणून बाहेर पडले. आठच्या सुमारास मी बागेत गेले. ते खड्ड्याच्या कडेशी एका कुशीवर होते, एक हात पुलावर. इंजिन फिरवून झाले होते. त्याचे तोंड घराकडे होते.

काकूंच्या लेखी ते कामावर गेले होते. लोक आले, रडले, त्यांना घेऊन गेले. काकू सगळ्यांना पाणी विचारत राहिल्या. तेरवीनंतर हैदराबादला असलेला त्यांचा मुलगा आईला सोबत नेणार होता. आदल्या संध्याकाळी त्या व्हरांड्यात बसल्या आणि मला म्हणाल्या, "इतले दिस झाले, गाडी काऊन नाई आली वं?"

मी मुलाकडे पाहिले. त्याने मान वळवली.

मी शेवग्याखाली गेले. बरोबर पाच चाळीसला इंजिन सोडले. ते सांध्यावरून आवाज न करता गेले आणि तोंड समोर ठेवून व्हरांड्याशी थांबले. काकूंनी केस सारखे केले, पदर नीट घेतला आणि फाटकाकडे पाहू लागल्या.

मी वही उघडली, कारण दुसरे काय करावे ते मला कळत नव्हते. फट, तापमान, सेकंद लिहिले. खाली एक नवी ओळ आखली. काकू उठून आत गेल्या, तेव्हा घड्याळ पाहिले आणि ती भरली.

वाट पाहिली: ४७ मिनिटे.