झोपाळा ढकलणारे काका

कलकत्त्यातल्या निम्म्या मराठी मुलांना वीज समजली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांमुळे, आणि उरलेली निम्मी केवळ चपळ होती म्हणून त्यांच्या तावडीतून सुटली. केंद्र सरकारच्या वीजखात्यातून निवृत्त झाल्यावर काका नागपूरला न परतता सॉल्ट लेकमध्येच राहिले. वीज दिसत नाही, याचा त्यांना मनस्वी राग होता. म्हणून ते ती दाखवत. रेझिस्टर म्हणजे चिंचोळा पाइप. कॉइल म्हणजे माल भरलेली हातगाडी, हलायला जड आणि एकदा हलली की थांबायलाही जड. डायोड म्हणजे मेट्रोचं एकाच बाजूला फिरणारं गेट, हे माझ्या मुलीला पटवण्यासाठी ते त्या गेटातच उभे राहिले आणि मागून "दादू, एकटु शोरुन!", म्हणजे आजोबा, जरा सरका, असा गलका झाला, तरी हलले नाहीत. कपॅसिटर दाखवायला त्यांनी नळाच्या पाइपात फुग्याचं रबर ताणून बसवलं होतं. ते फाटलं, आणि पाणी जिन्यावरून थेट आमच्या दारात आलं. पोछा घेऊन खाली आलेल्या काकू म्हणाल्या, "यांना नळ दुरुस्त करा म्हटलं की वीज समजावतात, आणि दिवा गेला की नळ!"

गेल्या पावसाळ्यात काकूंना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगितलं. काकू घाबरल्या. मी तिथेच बसले होते.

"अगं, सोपं आहे," काका उत्साहाने म्हणाले. "हृदय म्हणजे झोपाळा. त्याची लय चुकू नये म्हणून कुणीतरी हलकेच ढकलत राहायचं."

"आणि ढकलणारा दमला तर?"

काका खूश झाले. इतका नेमका प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "बॅटरी संपते ना! पण पुष्कळ वर्षांनी. मग बदलायची."

"म्हणजे पुन्हा कापणार?"

"अर्थात!"

काकूंचा चेहरा उतरला. "दुर्गापूजा होऊ दे, मग बघू," म्हणाल्या. काकांनीही फार ताणलं नाही. समजावून तर झालं होतं.

ब्लॉकच्या मैदानात पूजेच्या पंडालचे बांबू बांधत होते, तेव्हाच एका सकाळी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता काका कुणाला काही समजावत नाहीत. परवा संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले. त्यांनी कप तसाच बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ती विचारत होती ते मशीनबद्दल नव्हतंच गं. तिला भीती वाटत होती. मी नुसतं म्हणायला हवं होतं, माझ्यासाठी बसवून घे."

चहा निवला होता. मी तो पुन्हा गरम करायला उठले, तर म्हणाले, "राहू दे. बस जरा."

मी बसले.