शेवटच्या बाकावरचं बोट

ते कधी हात वर करत नसत, नुसतं बोट वर करत. वर्गाच्या शेवटच्या बाकावरून उजव्या हाताचं बोट छपराकडे गेलं, की उभा असलेला माणूस खाली बसायचा. मग तो तिसरीतला पोरगा असो, नाहीतर फळ्यापुढे घामाघूम झालेला आमच्यासारखा होऊ घातलेला शिक्षक. "बसा. झालं तुमचं," हे ते नंतर म्हणत. तोवर माणूस बसलेला असे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांच्या तोंडावर तुकतुकी येते. आमचे मोठे गुरुजी त्यांतले होते आणि मी त्यांना कधी माफ केलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

देऊळगाव राजाच्या अलीकडे, बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या शेडमध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षक घडवणारी शाळा उभी केली होती. जुन्या सवयीने लोक तिला 'नार्मल' म्हणत. ते तिथेच मागच्या खोलीत राहत. बायको नव्हती, पोरंबाळं नव्हती, नातेवाईक असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शेडच्या दुसऱ्या टोकाला गावची मुलं शिकत, आणि त्यांच्यावर आम्ही सरावाचे पाठ घेत असू. शिकाऊ न्हावी घरच्यांची डोकी घेतो, तसंच ते.

पाठ संपला की गुरुजी मागून विचारत, "काय रे पोरांनो, पास का नापास?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडे, "नापास!"

मग गुरुजी उठून कोटाच्या खिशातून भाजलेले शेंगदाणे काढत आणि प्रत्येक पोराच्या तळहातावर ठेवत. आमच्याकडे बघून म्हणत, "पोरं खोटं बोलत नाहीत. मी बोलेन, शिक्षणखातं बोलेल, पोरं नाही बोलत." मुलांच्या निकालावर शिक्षक पारखणारी वऱ्हाडात ही एकच शाळा, असा त्यांचा दावा होता. त्यात अभिमान होता आणि तो खरा होता. त्यामुळेच त्यांचा जास्त राग यायचा.

रोहिणखेडकडचा एक मुलगा आमच्या तुकडीत होता. चांगल्या जमीनदाराचा, पण अडखळत बोलणारा. 'प' आला की त्याचे ओठ मिटायचे ते सुटायचेच नाहीत. गुरुजींनी त्याला इतिहासाचा पाठ दिला, आणि धडा निवडला पानिपतचा. तो फळ्यापुढे उभा राहून ओठ मिटून लाल होत गेला, पोरं खिदळायला लागली. गुरुजींनी बोट वर केलं नाही. एरवी घटकेत बसवणाऱ्या माणसाने त्या दिवशी त्याला घंटा होईपर्यंत उभं ठेवलं. शेवटी विचारलं, "काय रे, मराठे निघाले का नाही अजून पुण्याहून?" दुसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन गावी गेला. आता भाजीपाला पिकवतो. आम्ही सगळे त्या दिवशी हसलो होतो, कारण पुढचा पाठ आमचाच होता.

मला त्यांनी दोनदा बसवलं. दुसऱ्या वेळी मी विहिरीवर जाऊन तोंड धुत होतो. तिथे वर्गातली एक बारकी पोरगी पाणी प्यायला आली. मी तिला विचारलं, "माझं काय चुकलं गं?"

"काई नाई जी," ती म्हणाली. "तुम्ही चांगलं शिकवलं."

"मग नापास का ओरडलात?"

तिने मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "पास म्हनलं का मोठे गुरुजी सवाल इचारतात जी. काय शिकला, सांग. मंग सांगता नाई आलं का दाने भेटत नाई. नापास म्हनलं का काईच इचारत नाई."

एवढं साधं होतं. शेडमधल्या प्रत्येक पोराला ते माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. जुन्या राज्यातून आलेल्या असल्या शाळा नव्या नियमांत बसतात का, हे पाहायला खात्याची समिती गावोगाव फिरत होती. मान्यता मिळाली तर शाळा राहणार, नाहीतर बंद होणार आणि आम्हाला दुसऱ्या गावच्या शाळेत धाडणार. समिती येण्याच्या आदल्या आठवड्यात गुरुजींनी स्वतः भिंतींना चुना लावला. झाडू मारता मारता ते मला एकदाच म्हणाले, "ही गेली तर मले कुठं जागा नाही, बापू." ते वऱ्हाडीत बोलले म्हणून माझ्या लक्षात राहिलं. आम्हाला शाळेत वऱ्हाडी बोलायची बंदी होती.

समितीचे अध्यक्ष गोरेपान, गुळगुळीत बोलणारे गृहस्थ होते. गुरुजींनी आपली पद्धत त्यांना रंगवून सांगितली. "साहेब, मुलांच्या निकालापुढे मी माझंही चालवत नाही."

"वा," अध्यक्ष म्हणाले. "मग आज तुमचाच पाठ पाहू की."

आम्ही त्यांना शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं. अध्यक्ष शेवटच्या बाकावर गुरुजींच्या जागेवर बसले. गुरुजी बाहेर गेले आणि एक फुटकं मडकं घेऊन आले. त्यात खाली दगड, वर मुरूम, वर काळी माती भरली आणि एका पोराला पाणी ओतायला लावलं. विहिरीला पाणी कुठून येतं, हा पाठ होता. पाणी दिसेनासं झालं. पोरं उठून मडक्याभोवती गोळा झाली. गुरुजी नियम विसरून वऱ्हाडीत बोलू लागले, "पाहा बे, पाहा, कुठं गेलं पानी?" खालच्या भोकातून पहिला थेंब आला तेव्हा सगळी पोरं जमिनीला गाल टेकून बघत होती. एवढा चांगला पाठ मी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. मेल्याला शिकवता येत होतं. येत होतं, आणि त्याने आम्हाला ते कधी दाखवलं नव्हतं.

अध्यक्षांनी मागून हसत विचारलं, "काय मुलांनो, पास की नापास?"

"नापास!" पोरं आनंदाने ओरडली.

समितीतले दोघे हसले. अध्यक्षांनी पुढच्या पोरीला विचारलं, "का गं?" ती तीच होती, विहिरीवरची. पाहुण्यांसमोर नीट बोलावं म्हणून ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या शाळेत सारे नापासच रायतात जी."

आता सगळी समिती हसली. खोटं कशाला बोलू, मलाही आतून गार वाटलं. रोहिणखेडचा तो मुलगा हे पाहायला हवा होता, असं मनात आलं.

गुरुजींना तेव्हा कळलं असावं. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग सगळ्या वर्गाकडे. ते काही बोलले असते तर वाचले असते, साहेबांना उलगडून सांगता आलं असतं. पण पोरांनी तळहात पुढे केले होते. गुरुजींनी खिशात हात घातला आणि एकेकाच्या हातावर दाणे ठेवत गेले. काही दाणे खाली सांडले, ते त्यांनी वाकून वेचून दिले. तिथे माझं हसू सरलं.

मान्यता मिळाली नाही. आम्हाला बुलढाण्याकडे धाडलं. गुरुजींना कुठे जायचं ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ते जालन्याच्या गाडीत बसले तेव्हा शाळेची पोरं फाट्यापर्यंत धावत आली. गुरुजींना आवडणारा एकच शब्द त्यांना येत होता. गाडी सुटली तशी ती रस्त्याच्या मधोमध उड्या मारत, जीव तोडून ओरडू लागली, "नापास! नापास!" विहिरीवरची पोरगी तर रडत रडत ओरडत होती.

खिडकीतून गुरुजींचा हात बाहेर आला. निरोपाला आला की सवयीने, कोण जाणे. एकच बोट वर झालं.

पोरं रस्त्यात, धुळीत, जिथल्या तिथे खाली बसली. गाडी वळणाआड गेली तरी कुणी उठेना.