आधी खोट सांगणारे अण्णा

किसनअण्णा वाघमोडे पहिल्यांदा माझ्या दारात आले, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी एक जुनी पेटी छातीशी धरली होती. मला त्या इमारतीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. खालच्या मजल्यावर कोणी म्हातारे गृहस्थ एकटे राहतात, एवढंच ठाऊक होतं. त्यांनी पेटी उंबऱ्याच्या आत अलगद टेकवली, उपरण्यानं घाम पुसला आणि म्हणाले, "ताई, तुमी हापिसात इंग्रजी लिहिता म्हणं. एवढं एक वाक्य लिहून देता का? ही पेटी पावसाळ्यात घसा बसवून घेती."

मला हसू आलं. त्यांना वाटलं, मला कळलं नाही. मग ते तिथंच जमिनीवर बसले आणि भाता हलवून त्यांनी मला दाखवलं. हवेत ओल आली की लाकूड फुगतं आणि मधल्या सप्तकातले काही सूर बसके येतात. ही पेटी त्यांना इंटरनेटवरच्या लिलावात ठेवायची होती, आणि त्याआधी तिचा हा दोष लिहायचा होता. मी म्हटलं, अण्णा, पाऊस आहे कुठं? या दुष्काळात घेणाऱ्याला तो दोष दिसणार तरी कसा?

"यंदा दिसायचा नाय, व्हय. पण घेणारा कोकणातला निघाला मंग?" त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "आधी खोट सांगायची ताई. गुण काय, तो त्याचा त्यो शोधतो."

मी ते वाक्य इंग्रजीत लिहून दिलं. 'घसा बसणं' शब्दशः तसंच ठेवलं. पेटी कोकणात नाही, पण तशाच दमट हवेच्या कोलकात्याला गेली. घेणाऱ्यानं नंतर कळवलं की, अनेक पेट्यांमधून त्यानं हीच निवडली ती त्या एका वाक्यामुळे. अण्णांना मी ते वाचून दाखवलं, तर त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा.

शहर तेव्हा औरंगाबादच होतं. आमची इमारत बायपासच्या पलीकडे होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथं ज्वारी होती म्हणे. आता चारी बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते आणि नळाला पाणी नव्हतं. टँकर यायचा. तो आला की सगळे बिऱ्हाडकरू पाइप घेऊन खाली उतरायचे. एरवी कोणी कोणाला ओळखत नव्हतं. माझी बदली होऊन मी एकटीच इथं आले होते. अण्णा त्या इमारतीतले पहिले रहिवासी. त्यांची बायको, सुशीलाबाई, घर घेतल्यावर वर्षभरातच गेल्या होत्या. मुलगी मंगल बंगळूरला नोकरीला होती.

अण्णांचं मूळ घर वैजापूरकडचं. वडील मेंढ्या राखायचे. पावसाळा सोडला तर वर्षभर बिऱ्हाड घोड्यावर आणि पाय रस्त्यावर. अण्णा शाळा शिकले ते आजोळी राहून. पुढे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, प्रेसशॉपमध्ये लागले. दिवसभर लोखंडाचे पत्रे ठोकायचे आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन वाजवायचे. ॲकॉर्डियन कुठं शिकलात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "शिकलो कुठं? मेंढरू उचलल्यावाणी उचललं न् छातीला लावलं. ते आपसूक बोलाया लागलं."

जुनी वाद्यं विकण्याच्या या धंद्याची सुरुवात त्यांनी स्वतःच्याच ॲकॉर्डियनपासून केली होती. सुशीलाबाई गेल्यावर वाजवावंसं वाटेना. लेकीनं लिलावाच्या साइटवर खातं उघडून दिलं, कॉम्प्युटर शिकवला. सात दिवस वस्तू मांडायची, लोक बोली लावतात, मुदत संपताना ज्याची बोली सर्वांत वर त्याची वस्तू. अण्णांना हे लगेच समजलं. जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. "इथंबी तसंच. तोंड दिसत नाय, नुसती बोटं," ते म्हणायचे. स्वतःचं वाद्य विकताना वाईट नाही का वाटलं, या माझ्या प्रश्नावर त्यांनी समोरच्या ढोलकीची दोरी आवळून बघितली. मग म्हणाले, "आपलं इकल्याबिगर दुसऱ्याचं इकायला तोंड ऱ्हात नाय."

दुष्काळानं त्यांच्याकडे माल आणला. लग्नं पुढं ढकलली जात होती, होत होती ती थोडक्यात उरकत होती, आणि ज्यांना ऐपत होती ते डीजे बोलवत होते. गावोगावचे बँड मोडत होते. अण्णा एसटीनं जायचे, लासूर, वैजापूर, कन्नड. परत येताना मांडीवर साइड ड्रम, पायाशी ट्रम्पेटची पेटी. कधी लोकच यायचे. पोत्यात गुंडाळलेला ढोल, चादरीत बांधलेला कॅसिओ. अण्णा प्रत्येकाला आधी पाणी द्यायचे. टँकरचं पाणी जपून वापरायचे दिवस, पण तांब्या भरून द्यायचे. मग वाद्य हातात घेऊन डोळे मिटायचे आणि वाजवायचे, तपासण्यापुरतं, चार-दोन सूर. गाणं कधी नाही. मी एकदा म्हटलं, एखादं गाणं वाजवा ना. ते म्हणाले, "गाणं वाजवलं की ते आपलं होतं. मंग इकवत नाय."

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी खाली जायची. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायची. "ह्या ढोलकीच्या चामड्यावरची शाई नवी हाय, आवाज कोरा येतो, महिनाभर धीर धरावा." "ह्या ट्रम्पेटला पोचा हाय, पण तो दिसायलाच हाय." दोन खोल्या वाद्यांनी भरलेल्या, आणि त्यांत आम्ही दोघं. बोलणं एवढंच. पण घरी जाऊन कुलूप उघडण्याआधी तेवढा एक तास बरा जायचा.

एका उन्हाळ्यात सिल्लोडहून उस्मानभाई आले. तिथल्या बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर क्लॅरिओनेट वाजवलेली. बँड बंद पडला होता, आणि त्यांचे समोरचे दातही पडले होते. दात गेल्यावर क्लॅरिओनेट ओठांत धरता येत नाही. त्यांनी ती मखमलीतून काढून अण्णांपुढं ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, अब तुम देखो."

वाद्य जुनं होतं, लाकूड काळंभोर. बोली दोन-तीन देशांतून आली. मुदत रविवारी दुपारी संपणार होती, म्हणून उस्मानभाई मुद्दाम सिल्लोडहून आले. अण्णा शेवटच्या मिनिटांत कधी बसत नसत. खुर्चीमागं उभे राहत. उस्मानभाई मात्र पडद्याकडं पाहतच नव्हते. ते खिडकीतून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघत होते. बोली चढत गेली आणि थांबली. अण्णांनी सांगितलं की विलायतेच्या एका माणसानं घेतली, चांगला भाव आला.

उस्मानभाईंनी विचारलं, "बजाता है, या टांगता है?"

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अण्णांनी मला त्या माणसाला विचारायला सांगितलं. मी लिहिलं. उत्तर यायला दोन दिवस लागले, तोवर उस्मानभाई गावी गेले होते. त्या माणसानं फार सभ्यपणे कळवलं होतं की त्याच्याकडे जुन्या वाद्यांचा संग्रह आहे आणि ही क्लॅरिओनेट काचेच्या कपाटात ठेवली जाईल. मी अण्णांना म्हटलं, उस्मानभाईंना हे सांगायची गरज नाही. वाजवतो म्हणून सांगा. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच बरं वाटेल.

अण्णा म्हणाले, "खोट फक्त वाद्याचीच सांगायची असं कुठं हाय?"

पैसे न्यायला उस्मानभाई आले, तेव्हा अण्णांनी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. उस्मानभाईंनी चहाचा कप हातात फिरवला. मग म्हणाले, "चलो, धूप तो नहीं लगेगी उसको." चहा संपवला, सलाम केला आणि गेले. त्यानंतर ते कधी आले नाहीत. अण्णांनी दोनदा फोन करून बघितला, दुसऱ्याच कोणी उचलला. एका मंगळवारी अण्णा स्वतः सिल्लोडला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले की उस्मानभाई लेकाकडं भिवंडीला गेले, तिथला पत्ता कोणाला माहीत नाही.

अण्णांचे कान जात आहेत, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते टँकरमुळे. टँकरचा भोंगा साऱ्या कॉलनीला ऐकू जायचा. सगळे पाइप घेऊन उभे असायचे आणि अण्णांचं दार बंद. मी दार वाजवायची, तरी नाही. खिडकीतून हात हलवला की मग यायचे. म्हणायचे, डोळा लागला होता. पुढं पुढं ते एकेक सूर पुन्हा पुन्हा वाजवू लागले. पेटीचा भाता हलवत कान अगदी लाकडाला टेकवायचे. मी काही विचारलं की हसून "व्हय" म्हणायचे. माझा प्रश्न हो-नाहीचा नसला तरी "व्हय".

मग गुवाहाटीहून तक्रार आली. अण्णांनी एक पेटी पाठवली होती आणि माझ्याकडून लिहून घेतलं होतं, हिला कोणतीही खोट नाही. असं त्यांनी फार क्वचित लिहायला लावलं असेल. घेणाऱ्यानं लिहिलं होतं की वरच्या सप्तकात एक बारीक शिट्टी सतत वाजते, बंद पट्टीतूनसुद्धा हवा जाते. ती कोणालाही ऐकू येईल. त्यानं सोबत आवाज मुद्रित करून पाठवला होता. मी तो अण्णांच्या कॉम्प्युटरवर लावला. खोलीभर शिट्टी वाजत होती. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"वाजतंय का?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

त्यांनी आवाज वाढवायला सांगितला. वाढवला. पुन्हा विचारलं, वाजतंय का. मग त्यांनी स्वतः कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, काम कुठं केलं? प्रेसशॉप म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं नाही. इतकी वर्षं पत्र्यावर घण पडत होता, बारीक आवाज आधी गेले, आता बाकीचे जात होते. कानाचं यंत्र बसवलं. त्यातून माणसाचं बोलणं समोरासमोर बरंचसं कळायचं. सूर मात्र कळायचा नाही. "पत्र्याच्या डब्यात कोणी गातंय असं वाटतं," ते म्हणाले.

गुवाहाटीच्या माणसाला त्यांनी सगळे पैसे परत केले आणि पेटीही ठेवून घ्यायला सांगितली. मग मला म्हणाले, खातं बंद करा. मी म्हटलं, एवढ्यात नको. तुम्ही वाजवा, मी ऐकते. मला सुरांतलं फार कळत नाही, पण शिट्टी, फाटका आवाज, बसका सूर एवढं सांगता येईल. आपण दोघं मिळून करू. हे बोलताना मला त्यांच्याइतकीच माझ्या संध्याकाळींची काळजी होती.

अण्णांनी माझं सगळं बोलणं ओठांकडं बघून ऐकून घेतलं. "ताई, तुमी ऐकाल, खरं सांगाल. पण शब्द माझा जातो. दुसऱ्याच्या कानानं मी शब्द कसा देऊ?"

मी खातं बंद केलं. उरलेली वाद्यं शहागंजातल्या एका दुकानदारानं एकगठ्ठा घेतली. टेंपोत चढवताना अण्णा प्रत्येक वाद्यावर हात ठेवून त्याची खोट सांगत होते. ह्याची दोरी कुजली, ह्याच्या खालच्या पट्टीला धीरानं घ्यायचं. दुकानदार "हां चाचा, हां चाचा" म्हणत दोर आवळत होता. टेंपो वळणावर दिसेनासा झाल्यावर आम्ही आत आलो. रिकाम्या खोल्यांत आमच्या चपलांचा आवाज घुमला. तो मला ऐकू आला.

पुढच्या वर्षी माझी नाशिकला बदली झाली. निघताना अण्णा रिक्षापर्यंत आले. मी काहीबाही सांगत होते, जेवत जा, यंत्राची बॅटरी बदलत जा. रिक्षाच्या आवाजात त्यांना काही कळलं नसावं. प्रत्येकाला "व्हय" म्हणत होते.

फोनवर त्यांना ऐकू यायचं नाही. यंत्राजवळ फोन नेला की ते शिट्टी मारायचं, यंत्र काढलं की काहीच नाही. मी मेसेज पाठवायची. एकदा त्यांनी सांगितलं, वाचतो, पण वाचून माणूस येत नाय. म्हणून मग ते दर रविवारी सकाळी स्वतः फोन करायचे आणि एकटेच बोलायचे. टँकर बंद होऊन नळ आला. समोरच्या इमारतीत लोक राहायला आले, नावं कळली नाहीत. मंगल ये म्हणती, पण तिच्या तिथं नवव्या मजल्यावर मी काय करू. असं आठवड्याचं सगळं सांगून झालं की "ठेवतो ताई" म्हणून ठेवायचे. मी फक्त ऐकायची. मी आहे की नाही, हेही त्यांना कळत नसणार.

श्रावणात मंगलचा निरोप आला. अण्णा झोपेतच गेले होते. त्याच्या आधीच्या रविवारी त्यांचा फोन आला होता, तो शेवटचा. त्या दिवशी त्यांच्याकडं सांगण्यासारखं फारसं नव्हतं. दोन-चार वाक्यांनंतर ते थांबले. मला वाटलं, ठेवतील. पण म्हणाले, "आज तुमी बोला. मला ऐकू येत नाय, पण बोला."

मग मी सांगू लागले. नव्या ऑफिसात माझी खुर्ची भिंतीकडं तोंड करून आहे. घराशेजारी कोण राहतं ते अजून मला ठाऊक नाही. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेले की मी आधी रेडिओ लावते, कोणीतरी बोलत असावं म्हणून. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना ऐकू येत नाही म्हणूनच कदाचित सांगता येत होतं. बोलता बोलता मी थांबले.

पलीकडून अण्णा म्हणाले, "शब्द कळत नाय ताई, पण कायतरी येतंय कानात. थांबू नका."

मी बोलत राहिले.