पिठाचा ज्वालामुखी

ज्वालामुखी फुटला नाही, आणि त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय पेटीवाल्या सरांना नव्हती. सोड्याची बरणी त्यांनी सकाळी स्वतःच्या हाताने भरली होती, तीही चष्मा न लावता. बायको मोरीतून ओरडली होती, "अहो, आधी डोळ्यांवर काहीतरी चढवा!" तर हे म्हणाले, "बावीस वर्षं भरतोय. डोळे गेले तरी हात चुकायचा नाही."

डोळे होते तिथेच होते. चुकला तो हात.

त्यांच्या लोखंडी पेटीतलं सगळं सामान स्वयंपाकघरातल्या जुन्या बरण्यांत असे. विज्ञान फळीवरच असतं हे पोरांना दिसावं म्हणून. कल्पना झकास होती. फक्त फळीवरची कुठली बरणी विज्ञानाची आणि कुठली जेवणाची, हे हल्ली खुद्द सरांनाही सांगता येत नसे. पूर्वी ही पेटी सात शाळांत फिरायची. आता एकच शाळा उरली होती, आणि तिथला गुरुवारचा तासही धोक्यात होता. पुढच्या वर्षी त्या तासाला मोठा पडदा लावून त्यावरच प्रयोगांचे व्हिडिओ दाखवायचे, असं घाटत होतं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या होत्या, "एकदा स्वतः बसून बघते, मग ठरवते." आणि नेमक्या आज त्या चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकामागे खुर्ची टाकून बसल्या होत्या.

सरांनी मातीचा डोंगर टेबलावर ठेवला. "मागे सरका मंडळी! कपडे भिजले तर तुमच्या आया मला धुतील!" बावीस वर्षं हाच विनोद, याच जागी. पोरं हसली. सरांनाही पूर्वी हसू यायचं. त्यांनी डोंगराच्या तोंडात बरणीतला सोडा घातला आणि वरून व्हिनेगर ओतलं. डोंगराने एक घोट घेतला आणि गप्प बसला.

"सर, झोपला वाटतं!"

"कंटाळला असेल रे रोज रोज फुटून."

सरांना पहिल्यांदाच ज्वालामुखीची बाजू पटली.

"पण का?" तिसऱ्या बाकावरून आवाज आला. या मुलीला अख्खा वर्ग 'पणका' म्हणायचा, कारण तिचं दुसरं वाक्यच नव्हतं.

'सोडा जुना झाला' ही थाप सरांच्या अगदी जिभेवर होती. पण सकाळपासून गुडघे ठणकत होते, घसा बसला होता, आणि थाप मारायलाही अंगात थोडा जोर लागतो. ते पेटीवरच बसले. वर्गात बसायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"खरं सांगू? बरणीत सोडा नाहीये. काय आहे ते मला माहीत नाही."

"चाखून बघू, सर?"

"खबरदार! माहीत नसलेलं काही तोंडात घालायचं नाही."

"मग कळणार कसं?"

"तुम्हीच सांगा बुवा. मी दमलो."

पोरांनी टेबलाला गराडा घातला. एकीने चमचाभर भुकटी पाण्यात ढवळली. विरघळली नाही, पाणी दुधाळ झालं. म्हणजे मीठ नाही, साखर नाही. कुणीतरी म्हणालं चुना, कुणीतरी म्हणालं पावडर, तोंडाला लावायची. मग पणकाने पेटीतली तपकिरी बाटली ओळखली. "सर, हे आयोडीन ना? मागे बटाट्यावर टाकलं होतं ते?" थेंब पडला आणि दुधाळ पाणी काळंनिळं झालं.

"बटाट्यासारखंच झालं!"

"मग बटाट्याची पावडर आहे!"

"पीठ असेल गाढवा, पीठ! घरी काय बटाट्याची पावडर असते?"

सरांच्या डोळ्यांसमोर घरची फळी उभी राहिली. "मैदा," ते हळूच म्हणाले. वर्गाने असा कल्ला केला की शेजारच्या वर्गातल्या बाई भांडायला आल्या आणि मुख्याध्यापिकांना बघून तशाच परत गेल्या.

"पण काळंनिळंच का होतं?" पणका जागची हलली नव्हती.

"पिठात स्टार्च असतो. त्यावर आयोडीन पडलं की..." सर थांबले. की काळंनिळं होतं. बावीस वर्षं ते एवढंच सांगत आले होते, आणि आजवर कुणी पुढे विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा. "पुढच्या गुरुवारी सांगतो."

तास संपल्यावर बाहेर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पडदा नको. तास तुमचाच. पण तो ज्वालामुखी आता पुरे, सर. आजच्यासारखं करत जा."

"म्हणजे दर गुरुवारी चुकत जाऊ?"

"चुका नाहीतर काहीही करा. पोरांना शोधू द्या."

तास वाचला होता. सरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण पेटी उचलताना त्यांना एवढंच जाणवलं, की पाठ असलेले बावीस वर्षांचे प्रयोग आता कामाचे नाहीत. दर आठवड्याला नवं काही जुळवायचं, तेही या गुडघ्यांनिशी. घरी बायकोने सोड्याचा डबा पुढे सरकवला. "माझा मैदा कुठाय?"

"कामाला लागला," सर म्हणाले आणि तसेच आडवे झाले.

पुढचा गुरुवार आला. तीन पुस्तकं चाळून झाली होती; एकात उत्तर होतं, पण ते सरांनाच नीट कळलं नव्हतं. "अजून शोधतोय गं," ते म्हणाले.

पणकाने खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: 'सरांकडे एक उत्तर बाकी'. वर्गशिक्षिका रोज फळा पुसतात. तो कोपरा तेवढा सोडून.